आग्रहाचा तास

आसेगावची एक चांगली गोष्ट म्हणजे इथं कुणी कुणाला तोंडघशी पडू देत नाही. वाईट गोष्ट विचाराल, तर तीही हीच. साधना पहिल्यांदा नापास झाली ती या चांगुलपणापायी, आणि त्यातला निम्मा चांगुलपणा तिचा स्वतःचाच होता.

साधना म्हणजे चक्कीवाल्या राजूची बायको. मंगरुळपीरच्या एका इंग्रजी शाळेत तिनं दहा वर्षं बालवर्गाला ‘ए फॉर ॲपल’ शिकवलं. त्याच्या वरचा वर्ग तिला कुणी दिला नाही. खेड्यातली सून, साध्या कॉलेजची पदवी, हिला इंग्रजी येऊन येऊन किती येणार, असा तिथल्या शहाण्यांचा हिशेब. साधना भांडली नाही. भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं, मनात ठेवणं होतं. तिनं मोबाइलवर एका संस्थेचा कोर्स लावला. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही अशा मोठ्या माणसांना इंग्रजी कसं शिकवावं, याचा तो कोर्स. भाकरी थापता थापता ती कानात दोरी अडकवून व्याख्यानं ऐकायची आणि मधूनच मान डोलवायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, सुनेला कुणाला तरी दाखवून आणलं पाहिजे.

कोर्सची परीक्षा कागदावर नव्हती. आपण आपला वर्ग भरवायचा, संस्थेच्या मॅडम येऊन मागं बसणार आणि शिकवणं बघणार. वर्गाला माणसं पाहिजेत, ती साधनाला चक्कीवरच मिळाली. दळण होईस्तोवर माणूस जातो कुठं? ती ज्याच्या त्याच्याशी बोलायची, आणि बोलता बोलता कळायचं की इंग्रजीची गरज नसलेला माणूस गावात शोधावाच लागेल.

पहिले आले जानराव. नात्यानं साधनाचे चुलतसासरे, म्हणून ती त्यांना मामाजी म्हणायची. त्यांच्या मुलानं पुण्यात नोकरी धरली आणि केरळची मुलगी केली. सून दिवाळीला येते, वाकून पाया पडते, हसते. जानरावही हसतात. पुढं दोघांनाही काही सुचत नाही. “हसून हसून माहे गाल दुखतात, बाई,” ते म्हणाले, “पन त्या लेकराशी दोन शब्द बोलता येत नाही मले.”

दुसरी हिरीबाई, तांड्यावरची. तिचा बायकांचा बचत गट बंजारा भरतकामाच्या पिशव्या करतो. पोहरादेवीच्या यात्रेत तिचं दुकान असं चालतं की उभं राहायला जागा नसते. पण मागच्या साली तिला दूरच्या एका शहरात प्रदर्शनाला नेलं, तिथं गिऱ्हाइकांशी भलतीच एक पोरगी इंग्रजीत बोलत राहिली आणि हिरीबाई आपल्याच मालाजवळ मुकी उभी राहिली. ते तिला जिव्हारी लागलं होतं. तिसरा शाहिद, फ्रिज-कूलर दुरुस्त करणारा. त्याला कुवेतला जायचं होतं आणि तिथले लोक फोनवर मुलाखत घेणार होते. आणखी पाचसात जण होते, पण वर्गाचा आवाज म्हणजे हे तिघं. एकाच्या घरी वऱ्हाडी, एकीच्या घरी गोरमाटी, एकाच्या घरी उर्दू. बाकावर बसले की सगळ्यांची मिळून एकच बोली व्हायची, आणि ती इंग्रजी सोडून दुसरं काहीही असायची.

वर्ग दुपारी समाजमंदिरात भरायचा. सरपंचांनी खोली दिली होती, पण अटीवर. “सर्टिफिकेट आना, मंग वर्ग कायमचा. नाहीतर खोली मंडपवाल्याले देतो, तो कवाचा मागून राह्यला.” म्हणजे साधनाची परीक्षा ही नुसती साधनाची नव्हती. ती नापास झाली की वर्गही बसला.

सुरुवातीला ती डोक्यावर पदर घेऊन शिकवायची. समोर चुलतसासरे बसलेले, करणार काय. एक दिवस जानरावांनीच तो विषय संपवला. “सूनबाई घरी. इथं तुमी मास्तरीन हाव. तो पदर खाली घ्या, फळ्याकडे पाह्यजा.” त्यानंतर वर्गात ते तिला मॅडमच म्हणायचे आणि बाहेर पडल्यावर पुन्हा सूनबाई. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता ती चूक. साधना गावच्या शाळेत शिकली तेव्हा तपासणीचे साहेब येणार असले की गुरुजी आदल्या दिवशी सगळी तयारी करून घ्यायचे. कोणता प्रश्न कुणाला, कोणत्या उत्तराला कुणी उठायचं, सगळं ठरलेलं. ज्याला येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा, म्हणजे साहेबांना वर्गभर हातच हात दिसायचे. यात लबाडी आहे असं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. पाहुणा येणार म्हणून आपण अंगण सारवतो, तशीच ती गोष्ट. साधनानंही मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी उद्याचा धडा शिकवून टाकला. एकदा शिकवला, मग पुन्हा घोटून घेतला.

मॅडम आल्या तामिळनाडूकडच्या. मराठी एक अक्षर येत नव्हतं, हिंदी पाण्यापुरती. मागच्या बाकावर बसल्या आणि पेन उघडलं. वर्ग असा चालला की काय सांगावं. साधनानं विचारायचं आणि समोरून उत्तर टपकायचं. हिरीबाईनं आपलं गाव सांगितलं, शाहिदनं आपला धंदा सांगितला. साधनाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शेवटी मॅडमनी स्वतःच एक प्रश्न विचारला, जानरावांना. तुमचा मुलगा कुठं राहतो? हा प्रश्न ठरलेला नव्हता. जानराव उठले, छाती काढली आणि ज्या उत्तराची त्यांची पाळी होती ते खणखणीत दिलं. “आय गेट अप ॲट फाइव्ह ओ’क्लॉक.” मॅडम थांबल्या. म्हातारा माणूस अडला हे बघून शाहिद मदतीला धावला आणि त्यानं आपला धंदा पुन्हा सांगितला. मग हिरीबाईही उठली आणि तिनं आपलं गाव सांगितलं. एकेक करून सगळे उठले. कुणी कुणाला तोंडघशी पडू दिलं नाही. मॅडमनी पेन बंद केलं.

बाहेर कडुनिंबाखाली त्या साधनाशी इंग्रजीत बोलल्या, हळू आणि स्वच्छ. “तुमचा वर्ग सुरेख बोलला. पण हे त्यांना काल येत होतं. मग आज तुम्ही काय शिकवलं?”

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या रागावल्या नव्हत्या. नापास, पण आणखी एक संधी, महिन्याभरानं. ती शेवटची.

संध्याकाळी राजू चक्की बंद करून आला तेव्हा साधना ओसरीवर बसलेली. त्याला वर्दी आधीच लागली होती. “एका बाईनं म्हटलं म्हनून का तू मास्तरीन नाही होत?” तो म्हणाला.

“तिनं खरं सांगतलं,” साधना म्हणाली. “मी त्यायच्या तोंडात माहे शब्द कोंबले. त्यायले काय बोलाचं हाय, हे मी कधी आयकलंच नाही.” हे बोलताना तिला रडू आलं. दहा वर्षं ज्या शाळेनं तिला बालवर्गावर बसवून ठेवलं, ती शाळा बरोबर असली तर काय, ही भीती तिला खरी छळत होती.

राजूनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं केला. “मंग आता काय करशीन?”

“काहीच पाठ करून घेत नाही. एक ओळसुद्धा नाही.”

वर्गाला हे मुळीच पटलं नाही. जानरावांना तर वाटत होतं की सगळं त्यांच्या पाचच्या उठण्यानंच बिघडलं. “कोनता धडा हाय तेवढं सांगजा मॅडम,” ते रोज म्हणायचे, “बाकी आमी पाहून घेतो.” शाहिदचं म्हणणं आणखी सरळ. “पेपर फुटल्याशिवाय आजकाल कोन पास होऊन राह्यलं, मॅडम?” हिरीबाई तर एकदा घरी येऊन सासूबाईंजवळ बसली, सुनेच्या तोंडून काही निघतं का ते बघायला सांगितलं. साधनानं दाद दिली नाही.

पण पाठ न करवणं सोपं होतं, गप्प बसणं अवघड. माणूस अडला की साधनाच्या तोंडून उत्तर आपसूक निघायचं. लहान पोरांना शिकवून तिला ती सवयच जडली होती. आता तिनं ठरवलं की विचारायचं आणि थांबायचं. पहिल्या आठवड्यात वर्गात अशी शांतता पसरायची की बाहेरच्याला वाटावं, कुणाची तेरवी आहे. हिरीबाई छताकडे बघायची, शाहिद नखं बघायचा, जानराव साधनाकडे बघायचे आणि त्यांच्या डोळ्यांत इतकी विनवणी असायची की साधना ओठ दातात धरायची. मग कधी तरी एखादा शब्द यायचा. मोडका, उघडा, पण ज्याचा त्याचा. साधना मान डोलवायची. असा महिना गेला, आणि तिला एकाही दिवशी वाटलं नाही की आपण पास होऊ.

मॅडम पुन्हा आल्या त्या दिवशी तूर पिवळी पडलेली होती आणि उन्हाला थोडी धार आली होती. धडा होता खायला-प्यायला विचारण्याचा. फळ्यावर साधनानं तीन ओळी लिहिल्या. वुड यू लाइक सम टी? त्याखाली, येस, प्लीज. त्याखाली, नो, थँक यू. अर्थ सांगितला, म्हणवून घेतलं. मग जोड्या पाडल्या. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं हो किंवा नाही म्हणायचं, आणि खाली बसायचं. टेबलावर चहाची किटली आणि कप होते. चहा खरा होता, कारण रिकामा कप पुढं करणं हिरीबाईला मंजूर नव्हतं.

पहिली जोडी जानराव आणि शाहिदची. जानरावांनी कप भरला, फळ्याकडे बघून घेतलं आणि म्हणाले, “वुड यू लाइक सम टी?”

“नो, थँक यू,” शाहिद म्हणाला आणि खाली बसला. काम झालं होतं.

जानराव बसले नाहीत. भरला कप हातात घेऊन उभेच राहिले.

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे पहिल्या ‘नाही’ला ‘नाही’ धरत नाहीत. पाहुण्यानं एकदा नको म्हणायचं असतं, ती त्याची रीत. घरच्यानं पुन्हा म्हणायचं असतं, ती त्याची. पहिल्याच नकोवर जो कप मागं नेतो त्याच्याबद्दल नंतर साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत बोललं जातं, आणि चांगलं बोललं जात नाही. जानरावांनी साऱ्या हयातीत असा कप मागं नेला नव्हता. पण फळ्यावर पुढची ओळ नव्हती.

“मॅडम, आता?” त्यांनी विचारलं.

“इन इंग्लिश, मामाजी,” साधना म्हणाली. मामाजी म्हटल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. मागं मॅडमचं पेन चाललेलं तिला ऐकू येत होतं. तिच्या आखणीप्रमाणं आता दुसरी जोडी उठायला हवी होती. थँक यू, सिट डाउन, एवढं म्हटलं असतं तर तास सुरळीत पुढं गेला असता. शब्द जिभेवर आले होते. तिनं ते गिळले आणि थांबली.

मग जानरावांनी मान हलवली. “नो थँक यू, नो,” ते शाहिदला म्हणाले. “यू कम माय हाउस. ड्रिंक.”

शाहिदला मजा वाटली. “आय ड्रिंक टी. होम.”

“दॅट टी युवर वाइफ टी,” जानराव म्हणाले. “धिस टी माय टी.”

वर्ग हसला. शाहिदनं पोटावर हात ठेवला. “फुल. टू मच फुल.” हिरीबाईला ते बघवेना. ती बाकावरून उठली, जानरावांच्या हातातून कप घेतला आणि त्यातला निम्मा दुसऱ्या कपात ओतला. “ब्रदर, हाफ,” ती म्हणाली. “फुल नो. हाफ यस. आय मेक, यू नो ड्रिंक, आय ॲंग्री.” मागच्या बाकावरून कुणी तरी ओरडलं, “शुगर लेस.” आणखी कुणी म्हणालं, “गुड मिल्क. बफेलो मिल्क.” सगळा वर्ग शाहिदला चहा पाजायला उठला होता. मोडकं, वाकडं, कुणी न शिकवलेलं इंग्रजी त्या खोलीत चौफेर चाललं होतं, आणि साधना फळ्याला पाठ टेकून उभी होती. आपण आता नापास होणार हे तिला दिसत होतं. तरी तिला त्या गलक्याचा इतका अभिमान वाटला की तिनं हात बांधून घेतले, चुकून कुणाला थांबवायला वर जाऊ नयेत म्हणून.

शाहिदनं शेवटी हार मानून कप घेतला. तेव्हा जानरावांचं लक्ष मागं गेलं. पाहुणी केव्हाची बसलेली, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी स्वतः कप भरला आणि मॅडमसमोर जाऊन उभे राहिले.

“वुड यू लाइक सम टी?”

“नो, थँक यू,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी वर्गात भाग घ्यायचा नसतो, असा नियम होता.

जानराव हलले नाहीत. पण आता ते हसतही नव्हते. एकेक शब्द खोल विहिरीतून काढावा तसे ते बोलू लागले. “माय सन वाइफ. केरला. शी कम दिवाली. आय गिव्ह फूड. शी से, नो, थँक यू.” ते थांबले. “आय वॉन्ट से अगेन. नो इंग्लिश. आय सिट. शी गो स्लीप, हंग्री. माय हाउस, हंग्री.” त्यांनी कप पुढं केला. “टुडे आय से अगेन. प्लीज.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि कप दोन्ही हातांनी घेतला.

साधनाला हुंदका आला होता, पण रडायला वेळ नव्हता. या माणसाला काय पाहिजे ते तिला आता कळलं होतं, आणि ते पुस्तकात नव्हतं. तिनं फळ्यावरच्या तिन्ही ओळी पुसल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: प्लीज हॅव अ लिटल मोअर. खाली लिहिलं: जस्ट अ लिटल, फॉर मी. मग ती वळून बोलली, एकदाच, सावकाश. पुन्हा म्हणा असं तिला सांगावं लागलं नाही. तहानलेली गुरं हौदावर यावीत तसा वर्ग त्या दोन ओळींवर आला. हिरीबाईनं त्या ओळी पिशव्या विकायला कशा वापरता येतील ते लगेच शोधून काढलं. शाहिदला आणखी दोनदा चहा प्यावा लागला. जानराव एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून म्हणत होते, “जस्ट अ लिटल, फॉर मी,” आणि दर वेळी आवाज थोडा मऊ करत होते, सुनेशी बोलताना करावा तसा.

तास संपल्यावर मॅडम साधनाला घेऊन बाहेर आल्या. “तुमच्या आखणीतलं निम्मंही झालं नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांना थांबवलं का नाही?”

“थांबवणार होते,” साधना इंग्रजीत म्हणाली. तिच्या इंग्रजीलाही वऱ्हाडी माती लागलेली होती आणि आज तिला त्याची लाज वाटली नाही. “पण ते बोलत होते. त्यांना एक वाक्य पाहिजे होतं. ते कोणतं हे मला त्यांचं ऐकल्यावर कळलं. मग तेच शिकवलं.”

मॅडम हसल्या. “मी पुष्कळ वर्ग बघते. त्यातल्या पुष्कळांत फक्त शिक्षक बोलतो.” त्यांनी हात पुढं केला. “पास. आणि एक विनंती आहे. रिसोड आणि मानोऱ्याकडचे तीन शिक्षक हा कोर्स करताहेत. पुढच्या महिन्यात त्यांना तुमचा वर्ग बघायला पाठवते. तुमच्याकडून शिकतील.”

तुमच्याकडून. दहा वर्षं बालवर्गावर बसलेल्या बाईला हा शब्द पचायला वेळ लागला. ती मॅडमचा हात धरून नुसती उभी राहिली. तिला राजूला सांगायचं होतं, सासूबाईंना सांगायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मंगरुळपीरच्या त्या शाळेच्या फाटकात उभं राहून मोठ्यानं सांगायचं होतं. तिनं ते काही केलं नाही. ती आत गेली.

आत सगळे उभे होते. निकाल तिच्या चेहऱ्यावर वाचून शाहिदनं बाकावर थाप मारली आणि हिरीबाईनं तिच्या तोंडावरून हात ओवाळून बोटं कडाकडा मोडली. जानरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खोली आता कुणाच्या मंडपाला जाणार नव्हती. मग साधनानं पुढच्या महिन्यात येणाऱ्या शिक्षकांचं सांगितलं, आणि खोलीत एकदम धांदल उडाली.

“पाहुने येनार? मंग कोनता धडा घेता?” हिरीबाईनं विचारलं. “आजच सांगून ठेवा.”

“हौ ना,” शाहिद म्हणाला. “महिना हाय हातात. असं पाठ करतो का ते पाहतच राहतीन.”

“नाही सांगत,” साधना म्हणाली.

दोघंही जानरावांकडे वळले. वडीलधारा माणूस, त्यांचा शब्द ती मोडणार नाही, हा त्यांचा भरवसा. जानराव कप गोळा करत होते. त्यांनी किटलीचं झाकण लावलं, ती काखेत धरली आणि दाराकडे निघाले.

“काहून मांगं लागून राह्यले तिच्या?” ते म्हणाले. “येऊ द्या कोनाले यायचं ते. आपल्याले बोलता येते.”